कानावर आलेली बातमी आणि आपली बैठक

आम्ही खुलताबाद तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया.

आज अफवेबद्दल बोलायचं आहे. पण दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी आमचीच एक सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. जून महिना, पेरणीची गडबड. गावोगावच्या मोबाइलवर एकच निरोप फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आली आहे, भिकाऱ्यांच्या वेशात फिरते, बायकाही आहेत त्यात. सोबत एक चित्रफीत. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या फोनवर तो निरोप आला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना शेजारणींनी वाचून दाखवला. आणि आम्ही तो पुढं पाठवला. ‘लेकराबाळांना सांभाळा गं’ असं वर लिहून, अगदी मायेनं पाठवला.

आठवडाभरानं गावात सुया, पोत, दाभण विकणारी म्हातारी आली. दरवर्षी यायची. या वेळी तिच्यासोबत पाच-सहा वर्षांची नात होती. म्हातारीनं नेहमीसारखी हाळी दिली, पण त्या दिवशी एकही दार उघडलं नाही. कुणीतरी विचारलं, “ही पोरगी कुणाची?” मग दुसऱ्यानं विचारलं. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. म्हातारी घाबरली, तिला नीट बोलता येईना. तेच तिच्या अंगाशी आलं. ‘बघा, उत्तर देत नाही!’

आम्ही ओट्यावर उभ्या राहून बघत होतो. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी आमच्या गटातली सगळ्यात वयस्कर आजी काठी टेकत पुढं गेली आणि म्हणाली, “अरे, ही आपली सुईवाली. माझ्या सुनेच्या बाळंतपणात हिच्याकडूनच बिब्बे घेतलेत मी.” गर्दी पांगली. म्हातारीनं आजीच्या ओसरीवर पाणी प्यालं, नातीला उचललं आणि ती निघून गेली. त्यानंतर ती आमच्या गावात कधी आली नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं, चला, निभावलं. पण त्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात, चोर समजून जमावानं केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं जे घडलं ते सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले. त्यांच्यामागे बायका होत्या, लेकरं होती.

त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक पुढं तपासली गेली. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, असं तिच्यात दिसतं. ती होती पाकिस्तानातल्या कराची शहरातली. मुलांची काळजी घ्या, हे सांगायला मुद्दाम केलेला देखावा होता तो. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे फिरला.

आम्हाला मात्र एक प्रश्न सोडेना. आम्ही काही वाईट बाया नव्हतो. आमच्यातल्या काही जणी बी.ए. झालेल्या. गटाचा हिशेब पैशापैशाचा ठेवणाऱ्या. मग आम्ही असं कसं केलं? तेव्हापासून अभ्यासकांनी याबद्दल काय शोधून काढलं आहे ते जमेल तसं वाचत गेलो. आज तेच तुम्हाला सांगतो. ही गोष्ट मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे.

चला १८९६ सालात. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ वाढली तशी सरकारनं सक्ती सुरू केली. रुग्णाला घरातून उचलायचं, इस्पितळात टाकायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं. आणि शहरात गोष्टी पसरू लागल्या. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही. डॉक्टर मुद्दाम मारतात. माणसाच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा या लोकांकडे ना फोन होता ना रेडिओ. चाळीच्या नळावर, गिरणीच्या दारात, बाजारात बातमी तोंडातून कानात जात होती आणि तरी हजार माणसं जमली.

मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण तिच्याखाली खरी जखम होती, हे इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी दाखवून दिलं आहे. माणसं इस्पितळातून खरोखरच फार कमी परत येत होती, कारण प्लेगच तसा होता. पुढच्या वर्षी पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सैनिक घरात, देवघरात, माजघरात शिरले. रेल्वे स्टेशनांवर परके पुरुष बायकांची तपासणी करत. ज्या सरकारनं अब्रूची पर्वा केली नाही, त्याच्या डॉक्टरवर लोक कसा विश्वास ठेवणार? विश्वास मोडला की त्या फटीतून अफवा आत येते.

त्याच साथीत आपल्या सावित्रीबाई होत्या. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला स्वतः उचलून तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दवाखान्यात चला, असं सांगायला बंदूकवाला शिपाई दारात येणं आणि ओळखीच्या बाईनं आपलं लेकरू पाठीवर घेऊन चालू लागणं, यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

आता १९३४ साल. १५ जानेवारीला बिहारात मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवांचा जमुना प्रसाद या आपल्याच देशातल्या मानसशास्त्रज्ञानं अभ्यास केला आणि तो १९३५ मध्ये छापून आला. त्यांनी पाहिलेला भाग कोणता? तर जिथं धक्का जोरात जाणवला, पण पडझड झाली नाही असा. तिथं काय अफवा होत्या? सगळं निभावलं, आता भीती नाही, अशा नव्हत्या. उलट होत्या: आणखी मोठा भूकंप येणार, पूर येणार, अमुक दिवशी प्रलय होणार.

हे वाचून आम्ही चक्रावलो. घाबरलेल्या माणसाला धीर देणारी गोष्ट हवी असते ना? मग माणसं आणखी भीतीदायक गोष्टी का सांगत होती? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी पुढं याच अभ्यासावरून एक उत्तर काढलं. भीती आधी मनात बसली होती. आजूबाजूला मात्र घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग मनानं भीतीला शोभेल अशी गोष्ट शोधली. म्हणजे अफवेमुळं भीती निर्माण होते हे अर्धंच खरं. पुष्कळदा भीती आधी असते आणि अफवा तिला कारण पुरवते.

आमचं असंच झालं होतं. सगळे रानात आणि लेकरं घरी एकटी. ती धाकधूक आईच्या पोटात कायमची असते. चित्रफितीनं फक्त तिच्यावर बोट ठेवलं.

पण भीतीनं बोट सुईवालीकडेच का दाखवलं? गावातल्या सावकाराकडे का नाही? याचं उत्तर १९४७ च्या एका पुस्तकात सापडतं. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला. पहिल्या माणसाला चित्राबद्दल सांगायचं. त्यानं चित्र न पाहता दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांतून गेल्यावर मूळ तपशिलांपैकी सुमारे ७० टक्के गळून गेले. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे होते. गोऱ्याच्या हातात वस्तरा होता. निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट पुढं सरकताना तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला! सांगणाऱ्यांना खोटं बोलायचं नव्हतं. पण त्यांच्या मनात ‘हत्यार कुणाकडे असणार’ हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे तो वस्तरा कुणाच्या हातात जातो? पालावर राहणाऱ्याच्या. भिक्षा मागणाऱ्याच्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मनातला शिक्का मात्र गेला नाही. सुईवाली, राईनपाड्याचे डवरी गोसावी, ही माणसं त्या शिक्क्याची किंमत अजून मोजतात.

शकुंतला बनाजी आणि रामनाथ भट यांनी २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि जमावाच्या हिंसेवर अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह चार राज्यांत ते आणि त्यांचे सहकारी लोकांशी बोलले. त्यांचं म्हणणं असं की, लोकांना फोन वापरता येत नाही किंवा ते अडाणी आहेत म्हणून हे घडतं, असं समजू नका. विशिष्ट जातीच्या, धर्माच्या, परक्या माणसाबद्दल मनात आधीच जे भरलेलं असतं, त्याला जुळणारा निरोप माणूस विश्वासानं पुढं पाठवतो. शिकलेलाही पाठवतो. आपल्या माणसांसाठी आपण काहीतरी केलं, असं समाधानही त्याला मिळतं. हे वाचलं आणि आम्हाला आमचं ‘लेकराबाळांना सांभाळा गं’ आठवलं.

मग मोबाइलनं काहीच बदललं नाही का? बदललं, वेग बदलला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या अभ्यासकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढं पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि हे काम यंत्रांनी केलं म्हणावं तर तसंही नाही. मुख्यतः माणसांनीच केलं. कारण खोटी बातमी नवी असते, अंगावर काटा आणणारी असते. खरी बातमी पुष्कळदा बेचव असते. ‘सुईवाली आली, सुया विकल्या, गेली’, यात पुढं पाठवण्यासारखं काय आहे?

२०१८ च्या त्या हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपनं दुसऱ्याकडून आलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगलं केलं. पण पाच जणींनी पाच-पाच ठिकाणी पाठवलं तर पंचवीस होतात, हा हिशेब गटातल्या कुणालाही तोंडपाठ जमेल.

आता आमच्या दाराशी येऊ. आमच्या खुलताबादेत झोपलेला भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणी शनिवारी लोक रात्रभर चालत येतात. इथंच जर जरी जर बख्श यांचा दर्गा आहे, उरूस आहे. आणि १७०७ मध्ये अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, मेलेल्या औरंगजेबाची कबरही इथंच आहे. जत्रा आणि उरूस दोन्हींवर इथल्या बायांची चूल चालते. मार्च २०२५ मध्ये ती कबर हटवावी या मागणीवरून राज्यभर वाद पेटला. कबर राहावी की जावी हा आजचा विषय नाही. आपला विषय आहे पुढं जे झालं तो.

१७ मार्चला नागपुरात, म्हणजे आमच्यापासून जवळपास पाचशे किलोमीटरवर, त्या मागणीसाठी आंदोलन झालं. कबरीची प्रतिकृती आणि हिरवं कापड जाळलं गेलं. धार्मिक मजकूर लिहिलेली चादर जाळली, अशी बातमी पसरली. ती अफवा होती, असं राज्य सरकारनं सांगितलं. पण संध्याकाळपर्यंत दगडफेक, जाळपोळ झाली, पोलीस जखमी झाले, संचारबंदी लागली. जखमी झालेला एक माणूस नंतर दवाखान्यात दगावला. कबर आमच्या गावात, आग नागपुरात. आणि आमच्याकडे पोलिसांचा बंदोबस्त आणि मोबाइलवर चित्रफितींचा पूर.

त्याच आठवड्यात आमच्या गटाची बैठक होती. एका ताईनं फोन पुढं केला. “बघा, आपल्याच खुलताबादेत काय चाललंय!” आरडाओरडा, धूर, पळणारी माणसं. २०१८ असतं तर आम्ही काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. या वेळी फोन गोलात फिरवला. एकीनं विचारलं, “हा रस्ता कोणता?” कुणालाच ओळखता येईना. ज्या बाया तीस-तीस वर्षं या गल्ल्यांतून पाणी वाहतात, त्यांच्यापैकी एकीलाही नाही. दुसरी म्हणाली, “दुकानाची पाटी बघा गं, अक्षरं आपली नाहीत.” तिसरी म्हणाली, “मी आत्ता तिकडूनच आले, दुकानं उघडी आहेत.” ताईनं स्वतःच ती चित्रफीत पुसली. कुणी तिला रागावलं नाही, हे महत्त्वाचं. तिला तोंड लपवावं लागलं असतं, तर पुढच्या वेळी तिनं फोन बैठकीत आणलाच नसता.

घोळक्यात उभ्या होतो तेव्हा आम्हा सगळ्यांचं डोकं मिळून अर्धं झालं होतं. गोलात बसलो तेव्हा दहाजणींचे डोळे एकत्र आले. हे आमचंच शहाणपण असेल असं वाटलं होतं. पण याचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो महाराष्ट्रातच, सत्तर वर्षांपूर्वी.

१९५६ साल. मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता म्हणून तो त्यात नव्हता. कल्पना कॅनडाच्या शेतकऱ्यांकडून घेतलेली: ऐका, चर्चा करा, करून दाखवा. सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळं स्थापन झाली. पंधरा-वीस माणसांनी आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायचं, अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं. असं दहा आठवडे. काही समजलं नाही, पटलं नाही, तर प्रश्न पुण्याच्या केंद्राला लिहायचा. त्याचं उत्तर पुढच्या कार्यक्रमात मिळायचं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची तपासणी केली. ती केली पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानं. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या माणसानं नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत कैद भोगली होती. नाझींनी रेडिओचा वापर द्वेष भरवायला केला होता. तोच रेडिओ माणसाला शहाणं करू शकतो का, हे बघायला असा माणूस आपल्या मराठी गावांत आला होता.

त्यानं तीन तऱ्हेची गावं तपासली. मंडळ असलेली; रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली; आणि रेडिओही नसलेली. सुरुवातीला आणि शेवटी लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत माणसांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढली, पण थोडीच. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता तो गोल करून बसण्याचा आणि उलट प्रश्न विचारता येण्याचा. १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू झाली.

आता परत बिहार. २०१९ मध्ये सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासिकेनं तिथं १२०० हून जास्त लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन साधारण तासभर शिकवायचं की खोटी बातमी कशी ओळखावी. निष्कर्ष? एकंदरीत काही खास फरक पडला नाही. एकदा येऊन भाषण दिलं आणि गेलं, की माणूस होता तिथंच राहतो.

त्या थांबल्या नाहीत. सहकाऱ्यांसोबत दुसरा प्रयोग केला. बिहारात ‘जीविका’ म्हणून बचत गटांचं मोठं अभियान आहे, आपल्या ‘उमेद’सारखं. त्यांच्या वाचनालयांतून ५८३ गावांतल्या १३ हजार ५०० हून जास्त विद्यार्थ्यांना या प्रयोगात घेतलं. काही महिने, पुन्हा पुन्हा, वर्गात बसवून, बोलतं करून शिकवलं. ज्यांना हे शिक्षण मिळालं त्यांना खरं-खोटं जास्त नीट ओळखता येऊ लागलं. शिकवणं संपल्यावर चार महिन्यांनीही ते टिकलं होतं. आणि ऐका, त्यांच्या आईवडिलांनाही खरं-खोटं जास्त ओळखता येऊ लागलं, ज्यांना कुणी शिकवलंच नव्हतं! पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणार. अफवा जशी घरात शिरते, तसं शहाणपणही शिरतं. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

या सगळ्याचा मतितार्थ आम्ही आमच्यापुरता असा काढला: खोट्या बातमीवरचा उतारा एकटीच्या हुशारीत नाही. तो नेमानं भरणाऱ्या बैठकीत आहे. आणि ती तर आपल्याकडे आधीच आहे.

बघा ना. आपली पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब लिहिलेला. शंभर रुपयेसुद्धा आपण ‘कुणीतरी दिले म्हणे’ असं लिहून घेत नाही. कुणी दिले, कधी दिले, मोजले कुणी, सही कुणाची, हे सगळं विचारतो. मग ज्या बातमीनं माणसाचा जीव जाऊ शकतो, ती आपण नोंदीशिवाय कशी आत घेतो?

म्हणून आमच्या गटांनी इतिवृत्ताच्या वहीत शेवटचं पान ‘कानावर आलेल्या बातम्या’ म्हणून ठेवलं आहे. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं. ज्या ताईनं बातमी आणली तिलाच आम्ही पाच गोष्टी विचारतो. हे स्वतः कुणी पाहिलं, त्याचं नाव सांगता येतं का? कुठलं आणि कधीचं? यात राग कुणावर निघतो आहे, आणि तो माणूस आपल्या ओळखीचा आहे का? कुणाला विचारून खात्री करता येईल: पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक, मुख्याध्यापक? आणि खोटं निघालं तर नुकसान कुणाचं? उत्तर मिळेपर्यंत निरोप कुणी पुढं पाठवायचा नाही. खोटं निघालं, तर ज्यांना ज्यांना तो सांगितला त्यांना फिरून सांगायचं की बाई, ते खरं नव्हतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. लाज वाटते. पण कर्जाची परतफेड असते तशीच ही.

आणि खरोखरच काही संशयाचं दिसलं, तर घोळका करायचा नाही. ११२ ला फोन लावायचा. लेकराचा प्रश्न असेल तर १०९८. अनोळखी माणसाला ओसरीवर बसवून पाणी द्यायचं आणि पोलीस येईपर्यंत चार बायांनी त्याच्याजवळ थांबायचं. चार बाया जवळ बसलेल्या असताना हात उचलणं सोपं नसतं.

हे सगळं करूनही चुका होतात. गेल्या पावसाळ्यात एका योजनेचे पैसे बंद होणार या निरोपावर आमच्यातल्या दोघी कामाचा दिवस मोडून तालुक्याला जाऊन आल्या. निरोप खोटा होता. वहीत तेही लिहिलं आहे.

त्या पानावर सगळ्यात वर मात्र आम्ही जून २०१८ ची नोंद करून ठेवली आहे. तेव्हा वही नव्हती, म्हणून मागून लिहिली. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणी पाहिलं: कुणीच नाही. कुणी पुढं पाठवलं: आम्ही. नुकसान कुणाचं: सुईवालीचं.’ खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. आजीचा अंगठा आहे.

तिचं नाव आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडून सुया घेतल्या, पण नाव विचारलं नाही. मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी कुणी येत असेल, सुया विकणारी, भांडी विकणारी, डौर वाजवणारी, तर एवढं करा. तिचं नाव विचारा. गाव विचारा. बाजाराच्या दिवशी गर्दी जमलीच, तर तिला नावानं हाक मारणारी एक तरी बाई त्या गर्दीत असली पाहिजे.